हवामास्तरांचा मुका कॉम्प्युटर

हवामास्तरांनी उभ्या आयुष्यात एकाही मुलाला शिकवलं नव्हतं. शिकवलं ते त्यांच्या बायकोने, प्राथमिक शाळेत, अठ्ठावीस वर्षं. तिला सगळे बाई म्हणत. मास्तर एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात थंड हवेच्या यंत्रांवर होते. हवा वाहून नेणारे पत्र्याचे डक्ट वाकवायचे, पंख्यांचे पट्टे बदलायचे, ऑपरेशनच्या खोलीत हवा किती जाते आणि किती बाहेर पडते ते बघायचं. हातात कसब असं, की पत्र्याला दोन बोटं टेकवून कुठलं बेअरिंग आठवडाभरात जाणार ते सांगायचे. त्या तळघराने त्यांना नाव दिलं आणि कान नेले.

कान गेलेत हे मास्तर सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"टीव्ही जरा हळू करा हो, खालच्या मजल्यावरचे भांडायला येतील," बाई म्हणायच्या.

"येऊ देत की, त्यांनाही बातम्या कळतील," मास्तर म्हणायचे. कानांची तपासणी करू या म्हटलं की उत्तर ठरलेलं. "माझे कान ठणठणीत आहेत. हल्ली लोकच पुटपुटतात, त्याला मी काय करू?"

निवृत्तीनंतर बाईंनी एक काम अंगावर घेतलं होतं. अंधांसाठीच्या एका वाचनालयाला पुस्तकं वाचून, रेकॉर्ड करून द्यायची. झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात टेबल, त्यावर माइक आणि टेबलाखाली जुना कॉम्प्युटर. सकाळी दहा ते बारा बाई वाचायच्या. वाचनालयाच्या ध्वनी विभागातल्या मॅडम स्वतः जन्मापासून अंध आणि कानाच्या भलत्याच तिखट. एक दिवस त्यांचा फोन आला.

"बाई, तुमचं वाचन गोड आहे. पण मागे कोणीतरी सारखं दळण दळतंय."

बाईंनी टेबलाखाली वाकून बघितलं. दळण कॉम्प्युटरच दळत होता. त्याचे बारके पंखे जीव खाऊन फिरत होते.

मास्तरांना हे कळलं आणि निवृत्त होऊन तीन वर्षं बसून असलेल्या माणसाच्या अंगात वारं शिरलं. "हवेचं काम आहे ना? मग ते माझं काम आहे. तू फक्त वाच."

त्यांनी माळ्यावरून डक्टला आतून लावायचा जाड फोम काढला आणि जुन्या कॉम्प्युटरच्या पेटीला आतून बाहेरून गुंडाळला. फटी बुजवल्या, जाळ्यांवरही पट्ट्या मारल्या. आवाज खरंच कमी झाला. चौथ्या दिवशी बाई एका कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचत होत्या, नायिका स्टेशनवर पोचली होती, आणि कॉम्प्युटर तापून पटकन बंद पडला. दीड तासाचं वाचन गेलं. मास्तरांनी पेटीवर हात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला.

"एकतीस वर्षं हवेत काढली आणि मीच तिचं नाक दाबलं," ते म्हणाले. दुपारी जेवतानाही त्यांचं लक्ष ताटात नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ते व्हिडिओ बघायला लागले. जगभरची हौशी माणसं आपापला कॉम्प्युटर सुटे भाग आणून घरी जोडतात, हे त्यांना नव्यानेच कळलं. आवाज बंद ठेवून, खालची अक्षरं वाचत वाचत त्यांनी वहीची बारा पानं भरली. मग ते बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकान एक तरुणी चालवायची. तिने त्यांच्यापुढे दोन रिकाम्या पेट्या ठेवल्या. एक चारी बाजूंनी बंद, आतून मऊ अस्तर लावलेली. दुसरी भलीमोठी, पुढून पूर्ण जाळीची.

"काका, शांत हवाय ना? मग ही बंद घ्या."

"बंदचा प्रयोग घरी झालाय, पोरी." मास्तरांनी जाळीवर तळवा टेकवला. "हवा अरुंद वाटेने जोरात गेली की बोंबलते. रुंद वाटेने सावकाश गेली तर तिला आवाज कशाला लागतो? मला तळहाताएवढे मोठे पंखे दे, आणि सावकाश फिरणारे."

दुकानवालीने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि स्टूल पुढे सरकवलं. पुढचे दोन तास दोघं भाग निवडत बसले. फक्त एका गोष्टीवर त्यांचं जमलं नाही. मास्तरांना एक दणकट ग्राफिक्स कार्ड हवं होतं.

"कशाला काका? तुम्ही गेम खेळणार का? नुसतं वाचन रेकॉर्ड करायचं तर चित्र दाखवायचं काम प्रोसेसरच करतो."

"व्हिडिओत सगळ्यांच्या पेटीत असतं. त्याच्याशिवाय पेटी ओकीबोकी दिसते." मास्तर हट्टाला पेटले, आणि कार्ड पिशवीत आलं.

जोडणी पाच दिवस चालली. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली गेली आणि घरातली जेवणं मांडीवर आली. मास्तरांनी एकेक भाग असा हाताळला, जणू तान्हं मूल. आधी पितळी खुंट्या, त्यांवर मुख्य बोर्ड. प्रोसेसरच्या पाठीवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट, वाटाण्याएवढी. त्यावर वीतभर उंचीचा, पत्र्याच्या पानांचा थंडावा देणारा मनोरा. पंखे त्यांनी स्क्रूऐवजी रबराच्या खिळ्यांवर बसवले, म्हणजे थरथर पेटीत उतरायला नको. पुढून हवा आत घेणारे तीन, मागून बाहेर टाकणारा एक. "आत जास्त, बाहेर कमी. म्हणजे फटींतून धूळ खेचली जात नाही. ऑपरेशनच्या खोलीचा हिशोब हाच," ते बाईंना सांगायचे. वायरी मागच्या बाजूने अशा बांधल्या की हवेच्या वाटेत एक दोरा आडवा नाही.

तपासणीची त्यांची स्वतःची रीत होती. टिश्यू पेपरची बारीक पट्टी काडीला चिकटवून ते ती पेटीभोवती फिरवायचे. पट्टी जिकडे झुकेल तिकडे हवा. शेजारी टेबलावर काठोकाठ भरलेली वाटी ठेवून पाण्यावर तरंग उठतो का ते बघायचे. पाचव्या दिवशी वाटीतलं पाणी आरशासारखं स्थिर राहिलं. पडद्यावर तपमान बेचाळीसच्या वर गेलं नाही.

"ये, ऐक," मास्तरांनी बाईंना हाताला धरून आणलं.

बाईंनी डोळे मिटले आणि बराच वेळ कान दिला. "अहो, हा चालू आहे ना नक्की?"

मास्तर असे हसले, की बाईंना त्यांच्या लग्नातला फोटो आठवला. त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा केला, स्वतः.

पुढचे तीन आठवडे आनंदात गेले. मास्तर सकाळी दहाला आपणहून बाहेर फिरायला जायचे, बाईंना शांतता मिळावी म्हणून. पार बागेपर्यंत चालत जाऊन बाराला परत.

एका मंगळवारी बागेत पोचायच्या आत कोणीतरी रस्ता धुताना मास्तरांवर पाण्याचा पाइप फिरवला. ओलेचिंब होऊन ते पावणेअकरालाच घरी आले. खोलीत बाई नव्हत्या. कॉम्प्युटर बंद होता. सदरा बदलावा म्हणून त्यांनी भिंतीतलं मोठं कपाट उघडलं.

कपाटात बाई बसल्या होत्या.

साड्या आणि कोटांच्या मधोमध, छोट्या स्टुलावर, गुडघे पोटाशी घेऊन. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात रेकॉर्डिंग चालू असलेला फोन, खांद्यावर टॉर्च. घामाने थबथबलेल्या. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"इथे काय करतेस?"

"वाचतेय," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी हात देऊन त्यांना बाहेर काढलं, पाणी दिलं. ते स्वतः अजून ओलेच होते. "कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. तुम्ही ऐकवलंत तेव्हा एकदम शांत होता हो, खोटं नाही बोलले. पण रेकॉर्डिंग सुरू केलं, पडद्यावर ती रेघ सरकायला लागली, की एक बारीक शिट्टी सुरू होते. रेघ थांबली की शिट्टी थांबते."

"शिट्टी? मीसुद्धा रेकॉर्डिंग लावून बघितलंय. काही नाही वाजत."

"तुम्हाला नाही येत ती ऐकू," बाई हळूच म्हणाल्या. मग लक्षात येऊन पुन्हा मोठ्याने म्हणाल्या, "तुम्हाला ती ऐकू येत नाही."

मास्तर पलंगाच्या कडेवर बसले. "मला सांगायचंस ना."

"काय सांगू? तुमचा चेहरा बघितला होता मी त्या दिवशी. तीन वर्षांनी तुम्ही भूक लागली म्हणून जेवलात, घड्याळ बघून नाही. तेवढ्यासाठी कपाटात बसले तर काय बिघडलं?"

मग मास्तरांनी विचारलं, "आणखी काय काय नाही येत मला ऐकू?"

बाईंनी आधी टाळलं. पण त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा एकेक सांगितलं. दाराची बेल. खिडकीतली पाखरं. फोन दुसऱ्या खोलीत असला तर तो. नातवाचं फोनवरचं बोलणं, म्हणून मास्तर नुसतं "हो हो" म्हणतात ते. "आणि मी आतून हाक मारते ती."

"किती वेळा मारतेस?"

"आता नाही मारत."

मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं. ते उठले, सदरा बदलला, आणि पेचकस घेऊन कॉम्प्युटरपाशी खाली बसले. बाईंना वाटलं, रागाने आता सगळं खोलून टाकतात.

"इकडे ये," ते म्हणाले. "मी हात लावतो, तू कान लाव. कुठून येतेय ते दाखव."

वर्तमानपत्राची सुरळी करून बाईंनी एक टोक कानाला लावलं. मास्तरांनी पेटीचं दार उघडलं आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. सुरळी पंख्यांवरून फिरली. बाईंनी मान हलवली, इथे नाही. विजेच्या डब्यापाशी गेली. नाही. मग वर सरकली, आणि बाईंनी भुवया वर केल्या. सुरळीचं टोक ग्राफिक्स कार्डावर होतं. मास्तरांनी त्याला दोन बोटं टेकवली. बोटांना काहीच लागलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या बोटांना काही कळलं नव्हतं.

"नक्की?"

"शंभर टक्के. कार्टं सुईसारखं टोचतंय."

मास्तरांनी कॉम्प्युटर बंद करून कार्ड उपसून काढलं आणि पडद्याची वायर थेट बोर्डाला जोडली. पुन्हा चालू केलं. रेघ सरकू लागली. बाई कान देऊन बसल्या, आणि मास्तर बाईंच्या चेहऱ्याकडे बघत बसले. खोलीतलं त्यांचं ऐकणं आता तेवढंच होतं, आणि ते त्यांनी पहिल्यांदा कबूल केलं होतं. बाईंच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली. त्यांनी पुस्तक उचललं आणि बसल्या जागी वाचायला सुरुवात केली. मास्तर जमिनीवर पेचकस धरून तसेच बसून राहिले, पान संपेपर्यंत.

आठवड्याने मॅडमचा फोन आला. "बाई, घर बदललंत का? मागे काहीच नाही. तुमचं पान उलटताना थांबणंसुद्धा ऐकू येतं."

कार्ड मास्तरांनी दुकानात परत नेलं. दुकानवाली "मी म्हटलं होतं" असं म्हणाली नाही. तिने फक्त विचारलं, "ही शिट्टी सापडली कशी काका? ती सापडता सापडत नाही."

"बायकोने शोधली. मला काय, मी बहिरा आहे," मास्तर म्हणाले. हा शब्द त्यांनी चारचौघांत पहिल्यांदाच उच्चारला. दुकानातून ते सरळ कानाच्या डॉक्टरांकडे गेले आणि रांगेत नंबर लावला.

मशिन कानात बसलं तेव्हा पहिले काही दिवस त्यांनी घर डोक्यावर घेतलं. वर्तमानपत्र एवढं खडखडतं? चपला एवढ्या वाजतात? "तुम्ही माणसं राहता कशी एवढ्या गोंगाटात!" बारीक शिट्टी त्यांना मशिन लावूनही ऐकू यायची नाही. डॉक्टर म्हणाले, तेवढं बारीक ऐकणं आता परत येणार नाही. मास्तरांनी मान डोलावली. नातवाशी मात्र ते आता अर्धा अर्धा तास बोलतात, आणि "हो हो"च्या जागी वाद घालतात.

दुकानवालीने त्यांची गोष्ट गिऱ्हाइकांना सांगितली असावी. कारण वर्षभरात शांत कॉम्प्युटर हवा असलेली माणसं त्यांच्याकडे यायला लागली. एक भाषांतरकार, जिला आवाजाने डोकं दुखायचं. एक नुकती आई झालेली, बाळाच्या खोलीतच ऑफिसचं काम करणारी. मास्तर जोडून द्यायचे, बाई ऐकून पास करायच्या. बाईंनी होकाराची मान हलवल्याशिवाय मास्तर पेटीचं दार लावत नसत.

याच महिन्यात ते दोघं एका व्हायोलिन शिकवणाऱ्या सरांकडे गेले होते. कॉम्प्युटर लावून झाला. वाटीतलं पाणी स्थिर, पट्टी बरोबर झुकलेली. बाई मात्र म्हणाल्या, "टिकटिक येतेय."

"येणं शक्य नाही. सगळं रबरावर आहे."

"मी सांगते ना, येतेय."

मास्तरांनी पंखे एकेक करून बोटाने थांबवले. टिकटिक चालूच. डिस्क सोडवली, टिकटिक आहेच. शेवटी वैतागून त्यांनी मुख्य वायरच उपटली. बाई म्हणाल्या, "अजून येतेय."

तेव्हा सर खाकरले. "अहो, ते माझं भिंतीवरचं घड्याळ असेल."

सगळ्यांनी वर बघितलं. सर खुर्चीवर चढले, घड्याळ उतरवलं आणि स्वयंपाकघरात ठेवून आले. "वीस वर्षं शिकवतोय या खोलीत, मला कधी ऐकू आलं नाही ते," ते म्हणाले, आणि बाईंकडे जरा भीतीनेच बघायला लागले.