सातपुड्यातलं कारलं

लग्नाच्या पहिल्याच वर्षी आम्ही अमरावतीहून चिखलदऱ्याला गेलो, तेव्हा यांनी कचेरीतल्या मित्राचा कॅमेरा मागून आणला होता. अकोल्याहून मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, निरोप आला, "कॅमेरा नेऊन राहिला त दिवाळीले डोंगरायचे फोटो घेऊन ये. पण तुयाच्यानं काही व्हत नाही, हे मले ठाऊक हाय."

कॅमेऱ्याला पुढे लोहारासारखा लांब भाता, मागे काच, आणि आत एकेक काचेची प्लेट घालायची. यांनी दोन दिवस काळ्या कापडात डोकं घालून दऱ्या टिपल्या. परतताना परतवाड्याला मोटार थांबली. धुक्याने प्लेटी ओलावल्या तर नसतील, म्हणून यांनी भर उन्हात डबा उघडला आणि एकेक प्लेट धोतराच्या सोग्याने पुसून ठेवली.

अमरावतीच्या फोटोवाल्याने धुतल्यावर सगळ्या काळ्या ठिक्कर. "प्लेटी उन्हात वाळू घातल्या होत्या का, साहेब?" त्याने विचारलं.

हे दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी कारली चिरायला बसले होते. कॅमेराच बिघडलेला आहे असं यांना सिद्ध करायचं होतं. म्हणून भाता पुरता ओढून ते माझ्या ताटापर्यंत सरकत आले. कापडातून एकदम ओरडले, "अवं, इकडं ये! डोंगर दिसून राहिला!"

मी कापडात डोकं घातलं. काचेवर सगळं उलटं दिसायचं. पण उलट्या का होईना, एकामागे एक डोंगररांगा उभ्या होत्या.

"हे कारलं हाय," मी म्हटलं.

"आता कोणाले सांगू नको," हे म्हणाले.

रविवारी आम्ही घरातच एका पाटावर चिखलदरा उभा केला. कारल्याच्या रांगा झाल्या, सुरणाच्या फोडीचा कडा झाला, अळूच्या पानावर पाण्याचा थेंब सोडला तर तळं झालं. मागे धोतराचं आभाळ. धुक्यासाठी मी उदाचं धुपाटणं फिरवत होते. धुराने मला ठसका लागायचा आणि पाट हलायचा. "भूकंप करू नको!" हे कापडातून खेकसायचे.

दिवाळीला अकोल्याच्या बैठकीत मामाजींनी चार शेजाऱ्यांसमोर फोटो मांडले. मी दाराआडून पाहत होते. मामाजींनी सुरणावर बोट ठेवलं. "हा कडा मी चांगला ओळखतो. एथीसाच वाघ उभा व्हता, माह्यापासून दहा हातावर." मग कारल्याला पडलेलं एक भोक दाखवून म्हणाले, "अन् हे त्याची गुहा."

शेजारी वाकून वाकून गुहा पाहू लागले. हे छताकडे पाहत बसले.

सासूबाई चहा घेऊन आल्या, फोटोंकडे एकदा पाहिलं आणि आत गेल्या. मी मागोमाग गेले, तर चुलीपाशी त्यांनी हळूच विचारलं, "हे किडलेलं कारलं कोण देल्लं तुले?"

मी चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं.

"मी माळ्याची लेक आहो, पोरी. जलमभर कारले तोडले. वाघ नाही त्या भोकात, अळी हाय."

मी पाया पडायला वाकले तर त्यांना हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून म्हणाल्या, "अन् तुया सासरा चिखलदऱ्याले गेला कवा? परतवाड्यापासून घाट लागाच्या आंधीच मोटार लागली त्याईले. ओकत ओकत वापस आले. वाघ कोठून दिसते!"

मग आम्ही दोघी इतक्या हसलो, की मामाजींनी बैठकीतून ओरडून विचारलं, "काहून खिदळून राहिल्या?"

"दूध उतू गेलं," सासूबाई म्हणाल्या.

मामाजींनी सुरणाला चौकट करून बैठकीत टांगलं. यांना ते त्यानंतर कधी 'तुयाच्यानं काही व्हत नाही' म्हणाले नाहीत. खरं काय ते आम्हीही सांगितलं नाही.

सासूबाईंनी गप्प राहण्याबद्दल एक गोष्ट मागून घेतली. "माह्या वांग्यायचा फोटो काढ. पण वांगं वांग्यावानीच दिसलं पाह्यजे. त्याचा तलाव-बिलाव करजो नको." यांनी भाता मागे ढकलला आणि सात पावलं लांब जाऊन त्यांच्या घरामागच्या मळ्यात फोटो काढला. सासूबाईंचा तेवढाच एक फोटो आमच्याकडे आहे. कमरेवर टोपली, टोपलीतलं एकेक वांगं देठासकट स्पष्ट. चेहरा मात्र पुसट आलाय, कारण ऐन वेळी त्यांना पुन्हा हसू फुटलं होतं.