मेघा मेश्राम कार्ड घेत नाही

जरीपटक्यात राहणारी आणि हिंगण्याच्या एका कारखान्यात तयार पंप तपासून पास-नापास ठरवणारी मेघा मेश्राम वयाच्या छत्तिसाव्या वर्षी एका एकोणीस वर्षांच्या मुलीला घाबरत असे. ही मुलगी म्हणजे अदिती, मेघाच्या पाच जणींच्या गेमिंग संघाची कप्तान. रविवारी शहरातल्या संघांची ऑनलाइन स्पर्धा होती, आणि सोमवारीच अदितीने फोनवर सुनावलं होतं, "मेघाताई, तुमचा गेम ऐन लढाईत अडकते. मी तिकडे 'पळा, पळा' ओरडून राहिली आन् तुम्ही पुतळ्यासारख्या उभ्या! गुरुवारच्या प्रॅक्टिसपर्यंत मशीन नीट करा, नाहीतर तुमच्या जागी खुशीला घेईन."

मेघा तीन वर्षे या संघात होती. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणाऱ्या बाईला संध्याकाळी चार पोरींच्या बरोबरीने आरडाओरडा करायला मिळे. ही जागा गेली असती तर तिच्या संध्याकाळी टीव्हीसमोर बसण्यापलीकडे फारसं काही उरलं नसतं.

हाताशी बोनसचे अठरा हजार होते. कंपनीच्या बसमध्ये ज्याला विचारावं तो एकच सल्ला देई: ग्राफिक्स कार्ड बदला. पडद्यावरचं चित्र हे कार्ड रंगवतं, तेव्हा चित्र अडकलं की दोष कार्डाचाच, असा सरळ तर्क. बर्डीच्या बाजारातल्या कॉम्प्युटर-दुकानदार अंकुशने तर खोकं काढून काउंटरवर ठेवलंच.

"घ्या ताई. सोळा हजार, फक्त तुमच्यासाठी."

"हे लावल्यावर अडकणार नाही, हे तुमाले कसं माहीत?"

"अहो, सगळेच हे घेऊन राहिले ना!"

"सगळ्यायचं अडकते का?"

अंकुशने डोकं खाजवलं. "ताई, तुमी त्या पंपायले बी असेच प्रश्न विचारता का?"

"पंप उत्तर देते," मेघा म्हणाली आणि खोकं तिथंच ठेवून घरी आली.

त्या संध्याकाळी तिने गेममधला चित्राचा दर्जा अगदी तळाला नेला. कार्ड दमत असेल तर त्याचं ओझं कमी झाल्यावर गेम सुरळीत चालायला हवा होता. तो पूर्वीइतकाच अडकला. शिवाय सुरुवातीला सगळं नीट चाले आणि थोड्या वेळाने रखडे, हेही तिला खटकत होतं. तिने तापमान दाखवणारा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात लावला. सगळे हिशेब करणारा प्रोसेसर उकळायला निघाल्यासारखा तापत होता; कार्ड मात्र निवांत होतं.

मेघा स्क्रू काढायला बसली. आई, सिंधूताई, दारातून म्हणाल्या, "कारखान्यात मन भरत नाही का वं तुह्यं? घरी बी तपासूनच राहिली."

बाजूचा पत्रा निघाला. प्रोसेसरवरच्या पंख्याला आणि त्याखालच्या धातूच्या पट्ट्यांना पांढरा, खरखरीत थर चढला होता. हा थर मेघाच्या चांगल्या ओळखीचा होता. कूलरच्या गवताच्या जाळीवर खारं पाणी सुकून जो बसतो, तोच. पण कॉम्प्युटर तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता.

"आई, मी ड्युटीवर असताना कूलरचं तोंड कोणीकडे असते?"

"याच्याचकडे. चाकाचा आहे, दुपारी वळवते मी."

"काहून?"

"काहून म्हणजे? तूच म्हणे ना, त्याले गरमी सोसत नाही."

"आई, दुपारी ते बंद असते!"

"मंग? दुपारभर थंड झालं तर संध्याकाळी बरं चालन, असं वाटलं मले. माह्यं काय, मी तिकडं फरशीवर पडते."

दोन उन्हाळे सिंधूताई घामाघूम होऊन निजल्या होत्या आणि बंद कॉम्प्युटर ओलसर गार हवा खात होता. मेघाने उठून कूलर आईच्या चटईकडे वळवला.

बुधवारी जुन्या चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर स्कूटीवर पायांशी ठेवून ती पुन्हा बर्डीवर गेली. मशीन आतून साफ करून आधी फक्त नवा पंखा लावायला सांगितला आणि दुकानातच गेम चालवून पाहिला. ताप उतरला, पण नवा नकाशा उघडताना बारीकशी उचकी लागत होती. मग रॅम वाढवायला लावली. उचकी थांबली.

"एकेक लावून पाहून राहिल्या," अंकुश कुरकुरला. "कॉम्प्युटर नीट करता का वांगे निवडता?"

"वांगे बी असेच निवडते मी."

"बरं, अजून पैसे उरले ना? कोणाचं वापरलेलं कार्ड दाखवतो, स्वस्तात. गवत पाहा तुमच्या गेममधलं, हिरवी चटई अंथरल्यासारखं दिसते."

"मले त्यात गाई नाही चारायच्या," मेघा म्हणाली. कार्ड पुढच्या बोनसवर गेलं.

गुरुवारी सराव सुरू झाला. मशीन एकदाही अडकलं नाही. मेघा मात्र पहिल्या सामन्यात सर्वांआधी बाद झाली. दुसऱ्यातही.

मग अदितीने विचारलं, "ताई, पुन्हा अडकलं का?"

हो म्हणणं सोपं होतं. तपासायला कोणी येणार नव्हतं.

"नाही. मशीन पास आहे," मेघा म्हणाली. "मीच चुकली."

आपण कुठे चुकलो, हे तिला आता उमगत होतं. अडकण्याआधी उरकून घ्यावं म्हणून गेले कित्येक आठवडे ती सामना सुरू होताच पुढे धावत सुटे. यंत्र सुधारलं होतं, सवय राहिली होती. तिसऱ्या सामन्यात तिने स्वतःला एका भिंतीमागे बळेच रोखून धरलं. बोटं शिवशिवत होती. अदितीने "आता!" म्हटल्यावरच ती निघाली, आणि शेवटपर्यंत टिकली. जिंकल्यावर चौघी एकदम ओरडल्या तेव्हा तिला हेडफोन कानांपासून दूर धरावा लागला.

"खुशीला राखीव ठेवते," गलका ओसरल्यावर अदिती म्हणाली. "रविवारी वेळेवर या. आणि ताई, मी 'थांबा' म्हटलं की थांबायचं."

मेघाने मान डोलावली. मग डोलावलेली मान तिकडे कोणाला दिसत नाही हे लक्षात येऊन ती मोठ्याने म्हणाली, "हो."