फ्लेक्सची मागची बाजू

मी सूड घेतला, आणि तो मोजमाप करून घेतला.

कारखान्याच्या ऑफिसात जर्मन मशिनींची कागदपत्रं वाचता वाचता मला ती भाषा आली. पुढे शिरूरच्या एका क्लासात नर्सिंगच्या मुलींना जर्मन शिकवायला दौंडहून रोज एसटीने जाऊ लागले. परीक्षा पास झाली की मुलींना जर्मनीतल्या दवाखान्यात नोकरी.

फळ्याच्या डाव्या कडेला मी एक रकाना आखला होता: ‘चेहरा तोच, माणूस वेगळा’. ‘गिफ्ट’ इंग्रजीत भेट, जर्मनमध्ये विष, स्वीडिशमध्ये लग्न झालेला. ‘बुर्रो’ इटलीत लोणी, स्पेनमध्ये गाढव. ‘बेकोमेन’ दिसायला इंग्रजीतलं ‘बिकम’, पण अर्थ ‘मिळणे’. हा रकाना कुणी पुसायचा नाही, असा नियम होता.

क्लासच्या मालकाने तो मुलींसमोर पुसला.

“बाई, पोरींना विंग्रजी येतंय, निम्मं जर्मन तितंच झालं. तुम्ही नुसता कीस पाडताय. आन् स्वीडनचं लग्न आपल्याला कशाला? सोयरीक जमवायचीय व्हय?”

तो एकटाच हसला. दुसऱ्या दिवशी माझ्या जागी त्याचा भाचा उभा होता.

माझी पुस्तकं आणायला गेले, तेव्हा चौकात फ्लेक्स लागला होता. परीक्षा अजून व्हायची होती; पण आमच्याकडे अभिनंदनाला निकाल लागत नाही. ‘जर्मनीला निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ खाली मुलींचे बोटभर फोटो आणि उजव्या कोपऱ्यात गॉगल लावलेला मालक, हात जोडून. मी नजरेनेच लांबी-रुंदी घेतली.

बहुतेक मुली तोंडी परीक्षेत नापास झाल्या. कवठे येमाईची एक जण रडत माझ्या घरी आली.

“मॅडम, मी ‘बेकोमेन’ लावून म्हणले, मला नर्स व्हायचंय. तर परीक्षा घेणारे म्हणले, मिळाली तर तिचं काय करशील?”

मी पत्र्याच्या खोलीत क्लास सुरू केला. हळूहळू सगळ्या आल्या. मग मालकही आला. चौकात लोक त्याला विचारत होते, “आप्पा, जर्मनीचं इमान चुकलं का?”

“बाई, झालं गेलं सोडा. परत या.”

“जागा आहे मला. फळा नाही. तुमचा तो फ्लेक्स द्या.”

“कांद्यावर टाकायला?”

“तसंच समजा.”

ब्याद टळली म्हणून त्याने आनंदाने गुंडाळी आणून दिली. मी तो उलटा करून भिंतीवर ठोकला. मागची बाजू पांढरीशुभ्र, मार्कर छान उठतो. डाव्या कडेला तोच रकाना पुन्हा आखला. त्याचा उजवा कोपरा आता माझ्या डाव्या हाताला आलाय, रकान्याच्या बरोबर मागे. गॉगल कुठे येतो ते ठोकण्याआधीच मोजलं होतं.

मुली पुढच्या खेपेला पास झाल्या. आता नवी तुकडी आहे. परवा खुटबावची मुलगी रकान्यात ‘गिफ्ट’ लिहायला उठली.

“बारीक उमटतंय, मॅडम.”

“दाबून लिही,” मी म्हणाले. “अजून दाब.”