कोपरे दोनदा मोजले

छिन्नी फरशीवर टेकली होती, हातोडा वर गेला होता, आणि मी ओरडलो, "थांबा!"

ओवरसियर साहेब गर्रकन वळले. "कावून रे? तू इंजिनिअर झाला का?"

झालो नव्हतो. रशियाच्या मदतीने भिलाईचा पोलाद कारखाना उभा होत होता आणि मी तिथे चेनमन होतो, म्हणजे मोजणीची साखळी ओढणारा. रात्रशाळेतून नुकताच मॅट्रिक झालो होतो. सर्व्हेयरच्या टेस्टला बसायला याच साहेबांची शिफारस लागणार होती. त्यांना चारचौघांत टोकणं म्हणजे आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणं. पण कापलेली फरशी पुन्हा जोडता येत नाही, आणि गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही.

काम साधं होतं. कँटीनपुढचं मैदान तीस मीटर बाय वीस. त्याच्या आतून, चारही कडांनी सारख्या रुंदीची वाट करायची. सिमेंटच्या फरश्या एकशे चौऱ्याऐंशी, प्रत्येक एक चौरस मीटरची. मैदानाचा घेर शंभर मीटर. साहेबांनी सरळ भागाकार केला: रुंदी एक मीटर चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. नाल्यांची मापं ते अशीच काढत. म्हणून फरश्या कापायला घेतल्या होत्या.

"साहेब, कोपरे दोनदा मोजून राहिलो आपण, एकदा लांबीत अन् एकदा रुंदीत. तेरा-चौदा फरश्या उरतीन."

"मांडून दाखव."

खडू घेऊन मी फरशीवरच बसलो. वाटेची रुंदी क्ष. वाट दोन्ही बाजूंनी जागा खाते, म्हणून मधली मोकळी जागा (३० − २क्ष) गुणिले (२० − २क्ष). सहाशेतून एकशे चौऱ्याऐंशी गेले, ती हवी चारशे सोळा. सोडवत सोडवत आलं: क्ष² − २५क्ष + ४६ = ०. उत्तरं दोन, २ आणि २३.

"अन् हे तेवीस कावून नको?"

"साहेब, वीस मीटरच्या मैदानात तेवीस मीटरची वाट मावन कुठं?"

मजूर खो खो हसले. शेजारी उभ्या रशियन इंजिनिअरांना मराठी येत नव्हतं, आकडे येत होते. त्यांनी माझा खडूने भरलेला हात धरून गदागदा हलवला.

दोन मीटर रुंदी धरली. एकही फरशी कापली नाही. शेवटची शेवटच्या कोपऱ्यात नीट बसली, तेव्हा मला इतका आनंद झाला की त्या वाटेवरून मी उगाच तीन चकरा मारल्या.

साहेबांनी शिफारस लिहिली. "जाय टेस्टले. इथं राहिला तर रोज माह्या चुका काढशीन."

पास झालो. वरिष्ठांची चूक काम बिघडण्याआधी दाखवली तर ती मदत, नंतर दाखवली तर चुगली. गणित दोन्हीकडे तेच असतं.