हे बारीक झाले म्हणून गेले नाहीत

माझे यजमान बारीक झाले म्हणून मेले, असं ज्यांनी ज्यांनी म्हटलंय, त्यांनी आज ह्या पोस्टखाली हात जोडू नयेत.

मला ते हात नकोत.

ह्यांना जाऊन आज वर्ष झालं. वर्षभर मी गप्प होते. सुतकात, नंतर कामात. आज बोलते.

पन्नाशीत ह्यांचं वजन शंभराला टेकलं होतं. कचेरीतली खुर्ची, दोन वेळा भात, चार वेळा चहा.
तेव्हा सगळे कौतुकाने म्हणायचे, "खात्यापित्या घरचा दिसतो हो."
खात्यापित्या घरच्या ह्या माणसाला स्वतःच्या पायाची नखं कापता येत नव्हती. पोट आड यायचं. मी कापून द्यायचे. हे कोणाला माहीत नव्हतं.

मग पायाला जखम झाली, ती भरेना. शुगर निघाली.
रत्नागिरीतले डॉक्टर म्हणाले, "पाय ठेवायचाय की भात?"
परत येताना आम्ही पालीला एसटीतून उतरलो. स्टँडवरच हे म्हणाले, "पायच ठेवूया."

एवढंच. त्यात कसलं मोटिव्हेशन नव्हतं की गुरू नव्हता.
नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, बिनसाखरेचा चहा. जखम भरल्यावर सकाळी आमची पाखाडी. जांभ्याच्या त्या पायऱ्या देवळापर्यंत चढायच्या नि उतरायच्या. आधी अर्ध्यावर बसायचे. पुढे मला हाक मारण्याइतका दम उरायला लागला.

आणि मग तुम्ही सुरू झालात.

"कुठे दाखवलंत? कॅन्सर-बिन्सर नाही ना?"
"तोंड बघ कसं खप्पड झालंय."
पुतणीच्या लग्नात, भर पंगतीत, ह्यांचे चुलतभाऊ बाळा भावोजी. "काय दादा, वहिनी उपाशी ठेवते काय?" सगळी पंगत हसली. मी वाढत होते. हातात भाताचं पातेलं होतं म्हणून वाचले भावोजी.

गणपतीत मोठ्या जाऊबाईंनी न विचारता पानात तीन मोदक टाकले. "देवाचं आहे, नाही म्हणू नये."
हे म्हणाले, "देवाला शुगर नाही वहिनी, मला आहे."
जाऊबाई दीड दिवस बोलल्या नाहीत. गणपती गेले तरी राग होता.

एका रविवारी हे ओटीवर बसले आणि मला हाक मारली. "इकडे ये गो. बघ."
पाय जवळ ओढून स्वतःची नखं कापत होते. दहाच्या दहा.
मी म्हटलं, "कचरा उचला आता."
आणि आत जाऊन चुलीपाशी उभी राहिले. धूर नव्हता तरी डोळे पुसले.

आमचं घराखालचं भातशेत कित्येक वर्षं दुसऱ्याला लावायला दिलं होतं. ह्यांना वाकता येत नव्हतं ना.
गेल्या वर्षी म्हणाले, "एक कुणगा ह्या वेळी आपण लावायचा."
लावलाही तेवढा शेताचा तुकडा. चिखलात, अनवाणी, दिवसभर ओणवे. बांधावरून मी ओरडतेय, "अहो, पुरे." हे म्हणतात, "तू मोज गो, मी किती वेळा सरळ झालो."
संध्याकाळी मांडीपर्यंत चिखल घेऊन वर आले. "आज भात वाढ."
मी वाढला. पोटभर.

काही दिवसांनी ताप भरला. पोटऱ्या ठणकत होत्या. आम्हाला वाटलं, इतक्या वर्षांनी वाकले, अंग दुखणारच.
डोळे पिवळे झाले तेव्हा रत्नागिरीला नेलं. तिथून कोल्हापूरला.
तिथून घरी आणलं ते तुम्ही बघितलंत.

लेप्टो. माझी शाळा सातवीपर्यंत. बाकी सगळं वाचून शिकले, हेही वाचलं. उंदराचं मूत चिखलात, टाचेला भेग, बस. ती भेग वजन विचारत नाही.

दहाव्याला बाळा भावोजी अंगणात म्हणाले, "अंगात मांस असतं तर ताप झेपला असता."
मी आतून ऐकलं.

आता माझं ऐका. हे जाडे राहिले असते तर वाकले नसते. वाकले नसते तर कुणग्यात उतरले नसते. हा हिशोब मी तुमच्या आधी केलाय, रोज करते. तरीही मला ओटीवर नखं कापणाराच नवरा हवा. खुर्चीतला नको.

मलाही शुगर निघाली. मीही पाखाडी चढते, त्यांचे बूट घालून, पुढे कापूस कोंबून. ब्लाऊज ढगळ झालेत.
तर म्हणे नवरा गेला नि हिला फिगर सुचली. दुसऱ्या म्हणतात, दुःखाने खंगली.
बारीक माणूस म्हणजे आजारी, नाहीतर उपाशी, नाहीतर दुःखी. चौथं काही तुम्हाला सुचतच नाही.

आज वर्षाला आलेले बाळा भावोजी म्हणाले, "वहिनी, आता तरी चालणं बंद करा. घरात एक झालं ना?"
मी विचारलं, "भावोजी, पाखाडी चढून आलात तेव्हा धाप कोणाला लागली होती?"
पाणी मागितलं त्यांनी. दिलं.

परवा तो कुणगा मी लावणार आहे. गमबूट आणलेत, डॉक्टरांना विचारून लेप्टोवरची गोळी घेतलीय. मला वाकता येतं.

आज ह्यांचं पान वाढताना जाऊबाई म्हणाल्या, "त्याच्या पानात गोडाचं जास्त ठेव हो. उपाशीच गेला बिचारा."
नाही ठेवलं.

अहो, पानात भात वाढलाय. त्याच कुणग्यातला. तुम्ही लावलात, दिवाळीआधी मी कापला. बाजूला कुळथाची पिठी आहे.
सावकाश जेवा.
कोणी काही बोललं तर मी बघते.