होडीवरचे पाण्याचे डबे

"श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका. सोडा."

ही चार वाक्यं आमच्या बिल्डिंगमध्ये लहानथोर सगळ्यांना पाठ होती. आमच्या समोरच्या दारातले काका अंधेरीतल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे. आयुष्यभर तेच बोलून बोलून ते त्यांच्या जिभेला चिकटलं होतं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की अंधारातून आवाज यायचा, "धरून ठेवा." सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून हमरीतुमरी झाली की कोपऱ्यातून, "हलू नका." भांडणारी माणसं हसायची आणि खाली बसायची. काका मात्र हसायचे नाहीत. चेहरा अगदी ड्युटीवर असल्यासारखा.

प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक तरी माणूस असा असतो, की ज्याच्या घरात काय भरून ठेवलंय याची सगळ्यांना चर्चा करायला आवडते. तुमच्याकडे कोणी जुनी घड्याळं जमवत असेल, कोणी कुत्री. आमच्याकडे पाण्याचे डबे होते.

पत्र्याचे डबे. खाली रुंद, वर निमुळते, गच्च बसणारं झाकण आणि उचलायला जाड तारेची कडी. पूर्वी आमच्या बाजूच्या कोळीवाड्यातल्या होड्या समुद्रावर जाताना गोडं पाणी अशा डब्यांतून न्यायच्या. जेट्टीवर नळ एकच. तिथे सगळ्या होड्यांचे डबे रांगेत लागायचे, आणि आपला कुठला ते न वाचता कळावं म्हणून प्रत्येकावर वेगळं चित्र. कोणाचं कमळ, कोणाचा मोर, कोणाचा आंबा. कोळीवाड्यातला एक म्हातारा पेंटर ती चित्रं तेलरंगात काढायचा. पुढे निळे प्लास्टिकचे ड्रम आले, पेंटर वारला, आणि डबे माळ्यावर गेले. कोणाच्या घरात त्यात सुकी मासळी, कोणाच्या घरात खिळे.

तिथून ते काकांनी बाहेर काढले.

त्यांची पद्धत अशी, की कोळीवाड्यातला कोणी खलाशी छातीचा एक्स-रे काढायला आला, की त्याला मशीनसमोर उभं करून आधी विचारायचे, "होडी कुठली? डबा आहे का?" एकदा एका बरगडी मोडलेल्या माणसाने घाबरून विचारलं होतं, "डबा म्हणजे काय डॉक्टर? तो पण मोडलाय?" ही गोष्ट काकू फार रंगवून सांगायच्या. काकूंना त्या डब्यांचा राग होता की कौतुक, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. "मला पाय ठेवायला जागा नाही घरात," त्या म्हणायच्या, "पण अख्ख्या बंदरावरच्या होड्या मावतात." आणि असं म्हणता म्हणता पदराने एखाद्या मोराचं तोंड पुसायच्या.

घरात मावेनात तेव्हा डबे गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीशेजारी, पत्र्याच्या शेडखाली. डासांची तपासणी करायला माणूस आला, तेव्हा काका स्वतः त्याला वर घेऊन गेले. सगळे डबे पालथे होते, थेंबभर पाणी नव्हतं. तो बिचारा टॉर्च घेऊन उभा आणि काका त्याला सांगताहेत, "हा बघा, हा वाघ आहे. पेंटरने वाघ काढला, पण सगळ्यांना मांजर दिसली. त्या होडीचं नावच मांजरवाली पडलं. मालक पेंटरशी वर्षभर बोलला नाही." तपासणीवाला खाली आला तो हसतच.

रविवारी सकाळी ते डबे पुसायचे. मऊ फडकं, त्यावर नावापुरतं खोबरेल तेल. वर्षानुवर्षं. रंग उडाले होते, कडांना गंज धरला होता. मी एकदा म्हटलं, "काका, एखादा पेंटर बघून नवीन रंग मारून घ्या ना. झकास दिसतील."

"नवा रंग मारला की ते माझं चित्र होईल," ते म्हणाले. "माझं चित्र कोणाला हवंय?"

हे सगळं कशासाठी, ते मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. ते मूळचे जालन्याकडचे. नदीसुद्धा चार महिने वाहणारी, अशा गावातून आलेले. मासे त्यांना आवडायचे नाहीत, होडीत बसले की मळमळायचं. मग या माणसाला होड्यांचं एवढं काय? एका संध्याकाळी मी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले होते, तेव्हा त्यांना विचारलं.

ते फडकं घडी घालत होते. घडी पुरी झाल्यावर बोलले.

"मी मुंबईत नवा होतो. मामाकडे राहायचो. जेट्टीवर बर्फ वाहायचं काम लागलं. पहिल्याच दिवशी तहान लागली. आता आमच्या गावाकडे आम्हाला पाणी कसं द्यायचे? वरून ओतायचे. आपण उकिडवं बसायचं आणि ओंजळ धरायची. मला तेवढंच माहीत. मी होडीपाशी गेलो, खाली बसलो आणि ओंजळ पुढे केली."

"मग?"

"होडी चालवणारा तांडेल बघत राहिला. म्हणाला, 'असा काय बसलास रे? डब्यात मगा हाय ना? घे नि पी.' मी घेतला. प्यालो. माझ्या हातातून मगा त्याने घेतला, आणि मी बघत होतो, हा आता विसळतो का. नाही विसळला. तसाच डब्यात बुडवला आणि प्यायला."

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटरचा हॉर्न धरून ठेवला होता. तो बंद झाल्यावर काकांनी घडी घातलेलं फडकं पुन्हा उलगडलं.

"मान वर करून त्याच्याकडे बघवेना," ते म्हणाले. "म्हणून डब्याकडे बघत बसलो. डब्यावर कोंबडा होता. लाल तुऱ्याचा."

"तो डबा आहे यात?"

"नाही गं. ती होडी फुटली, डबाही तिच्याबरोबर गेला. मी तो शोधत नाही. हिलासुद्धा वाटतं मी तो शोधतोय."

मग आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांनी सह्या केल्या, पेढे वाटले, नव्या ब्लॉकचे नकाशे भिंतीवर लावून बघितले. मी जोगेश्वरीला भाड्याने गेले. काका-काकूंना भांडुपला वन रूम किचन मिळालं. तिथल्या मालकाने भिंतीला खिळा ठोकायलाही मनाई केली होती. डबे कुठे न्यायचे?

त्यांनी ठरवलं, ज्यांचे त्यांना द्यायचे. कोळीवाड्यात समाजाचा एक छोटा हॉल होता. तिथली जाणती माणसं आनंदाने हो म्हणाली. टेम्पो करून डबे नेले तेव्हा मी बरोबर होते. खिडकीखाली फळी लावून ते ओळीने मांडले. बातमी पसरली तशा बायका आल्या. एक खूप म्हातारी बाई काठी टेकत आली आणि कमळाच्या डब्यापुढे उभी राहिली. "यो आमच्या मामंजींचा," ती म्हणाली. डब्यावरून हात फिरवला, मग तोच हात काकांच्या गालावरून फिरवला. काका लहान मुलासारखे लाजले. त्या दिवशी परत येताना रिक्षात ते स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होते. मी त्यांना गुणगुणताना पहिल्यांदाच ऐकलं.

तिथे हे थांबलं असतं तर किती बरं झालं असतं.

हॉलची कमिटी बदलली. नव्या कमिटीत तिशीतला एक हुशार, तडफदार मुलगा होता. त्याने काकांना बोलावून घेतलं. काकांनी मलाही यायला सांगितलं.

"काका, राग मानू नका," तो म्हणाला, "पण हे डबे इथे कोणाच्या नावाने ठेवायचे?"

"कोळीवाड्याच्या."

"मग ते जमवणारे तुम्ही कोण? लोक येतात, आमचे फोटो काढतात, आमच्या बायकांच्या मासळीच्या पाट्यांचे फोटो काढतात, लेख लिहितात. आणि जेट्टीला लागून टॉवर उभा राहतो तेव्हा त्यातला एक जण येत नाही. आमचं जे काय आहे ते आमचं आम्ही बघू ना. तुम्ही आमच्यातले नाही."

तो उद्धटपणे बोलला नाही. चहा मागवला होता त्याने. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, हे मला आजही नाकारता येत नाही. मला वाटलं, काका आता ती मग्याची गोष्ट सांगतील. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा. ते म्हणाले, "बरोबर आहे." आणि चहा प्याले.

डबे खिडकीखालून मागच्या पडवीत गेले. तिथे समुद्राचं वारं थेट. काका तरीही दर रविवारी भांडुपहून यायचे, बस बदलत, पिशवीत फडकं आणि तेलाची छोटी बाटली घेऊन. पुसून परत जायचे. वारं जिंकत होतं. मोराची मान गेली, मग आंबा गेला. लग्नाला आलेले आचारी त्या डब्यांत कांद्याची सालं टाकायचे. काका ती काढायचे.

एका रविवारी मला फोन आला. "अगं, इथे काहीच नाही."

मी जोगेश्वरीहून पोचले तेव्हा ते पडवीत उभे होते. हॉलचं स्वयंपाकघर वाढवायचं म्हणून पडवी रिकामी केली होती. एक आचारी मोठं पातेलं घासत होता. मी त्याला विचारलं, डबे कुठे गेले.

"भंगारवाला घेऊन गेला ना. झाले चार-पाच दिवस."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, चला, त्या मुलाकडे जाऊ, कुठला भंगारवाला ते विचारू, थोडे तरी मिळतील. काकांनी माझा दंड धरला.

"त्यांचेच होते," ते म्हणाले.

"म्हणून काय झालं? निदान फोन करायचा ना एक!"

"कोणाला?" ते म्हणाले. खरंच विचारत होते ते.

आम्ही रिक्षाने निघालो. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "तो पोरगा चुकीचं नाही बोलला. तांडेल तहानलेला होता, मगा समोर होता, तो प्यायला. त्याच्या ध्यानातही नसेल. मीच एक मगा पाणी प्यालो आणि जन्मभर नातं धरून बसलो."

मी म्हटलं, "असं नका म्हणू."

काकू नंतर सांगत होत्या, डबे गेले हे ऐकून त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं. आता हा माणूस रविवारी घरी राहील, दोघं मिळून जेवू. राहिले ते घरी. पण सकाळी फडकं घेऊन बसायचे. आधी खिडकीचे गज पुसले. मग फ्रिजचं दार. मग परत खिडकीचे गज. "मी मुद्दाम भांडी काढून द्यायचे पुसायला," काकू म्हणाल्या, "तर दोन पुसायचे आणि तिसरं हातात धरून बसायचे."

आमची बिल्डिंग तोवर तशीच उभी होती. रिकामी केली, खिडक्या-दारं काढून नेली आणि बिल्डर कोर्टात अडकला. काकूंनी दर वेळी फोनवर विचारायचं, "काही कळलं का गं?" आणि मी म्हणायचं, "अजून नाही." पुढे त्यांनी विचारणं सोडलं.

काका थंडीत गेले. न्यूमोनिया झाला होता. डॉक्टर म्हणाले, बरे होतील, औषध लागू पडतंय. पण माणसाला उठायचंच नसलं की औषध तरी काय करणार?

जलदान विधीला मी सकाळी लवकर भांडुपला गेले. खालच्या मोकळ्या जागेत मंडप घातला होता. जालन्याकडचे नातेवाईक आले होते, हॉस्पिटलातले दोघे-तिघे, आमच्या जुन्या बिल्डिंगमधले जमले तेवढे. काकू पांढऱ्या साडीत खुर्च्या मोजून घेत होत्या. खुर्च्यावाल्याला त्यांनी एक ओळ जास्तीची लावायला सांगितली.

"काकू, पुरे की एवढ्या," मी म्हटलं.

"कोळीवाड्यातली येतील ना माणसं," त्या म्हणाल्या. "लांबून येणार. उभी कशी ठेवायची?"

मी बाजूला जाऊन त्या कमिटीतल्या मुलाला फोन लावला. आदल्या आठवड्यात मेसेज केला होता, उत्तर नव्हतं.

"कोण काका?" त्याने विचारलं.

"ते डबेवाले."

"हां, हां. पण ताई, डबे तर कधीच गेले ना?"

मी म्हटलं, हो, गेले. फोन ठेवला. काकूंना काही सांगितलं नाही.

विधी झाला. वंदना झाली, त्यांच्या भाच्याने चार शब्द सांगितले, माणसं जेवली, एकमेकांना जय भीम करून निघाली. ती शेवटची ओळ तशीच रिकामी होती. दुपारी खुर्च्यावाला टेम्पो घेऊन आला आणि एकात एक घालून खुर्च्या उचलायला लागला. पुढून सुरुवात करून तो मागे पोचला तेव्हा काकूंनी हात पुढे केला.

"ही ओळ राहू दे रे भाऊ थोडा वेळ," त्या म्हणाल्या. "ट्रॅफिक असेल त्यांना."

खुर्च्यावाल्याने माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच हो म्हटलं. तो टेम्पोच्या सावलीत जाऊन बसला.