गुरुवारचा लोबान, मंगळवारचा हूटर

तमाम वाचकांना, आणि विशेषतः ज्यांच्या डोक्यावर छताला एक पांढरी पालथी वाटी चिकटवलेली आहे पण ज्यांनी तिच्याकडे जन्मात एकदाही मान वर करून बघितलेलं नाही अशा सर्वांना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की... आग नसताना वाजणारा प्रत्येक अलार्म खोटा असतोच असं नाही.

घोषणा संपली. आता नीट बसा.

माझा धंदा फायर अलार्मच्या देखभालीचा. म्हणजे अर्धं आयुष्य शिडीवर आणि उरलेलं शिडी धरणाऱ्यावर ओरडण्यात. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. माझा विश्वास फक्त संशयावर! अलार्म उगाच वाजायला लागला की लोक म्हणतात, जागाच वाईट आहे, वास्तुदोष आहे. मी शिडी लावतो, ती वाटी — म्हणजे धूर ओळखणारा स्मोक डिटेक्टर — उघडतो, आतला कोळी काढतो आणि मालकाच्या तळहातावर ठेवतो. "हा घ्या तुमचा वास्तुदोष. याला नारळ फोडा."

तर आमचं संभाजीनगर — जिभेवर अजून औरंगाबादच येतं — आणि पैठण गेटपासून हाकेच्या अंतरावर नंदूशेठचं साड्यांचं दुकान. खाली गाद्या टाकून रोजच्या साड्या, मधल्या मजल्यावर शालू-पैठण्या, आणि सगळ्यात वर शिलाईखातं. तिथं रुखसाना आपा आणि त्यांच्या हाताखालच्या बाया फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायच्या. वर-खाली करायला जिना एकच, तोही असा अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं तरी जेवण कमी करावं.

या दुकानात दर गुरुवारी दिवेलागणीला लोबानवाले चाचा यायचे. हातात धुपाटणं, मोराच्या पिसांचा पंखा. गल्ल्यावर धूर, गाद्यांवर धूर, शेठच्या टकलावर धूर. शेठची फार श्रद्धा. चाचांचे गुडघे गेलेले, जिना चढवत नसे. म्हणून वरच्या बाया खाली यायच्या आणि धुरावर तळहात धरून तोंडावरून फिरवायच्या. आपा तर कात्रीसुद्धा त्या धुरातून काढायच्या. म्हणायच्या, बरकत रहती.

अलार्म बसवल्यावर पहिल्याच गुरुवारी काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच. खालचा डिटेक्टर बोंबलला. शेठ म्हणाले, "अलार्म काढा, चाचा राहतील." मग मी मध्यम मार्ग काढला. डिटेक्टरला धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकच्या टोप्या येतात. त्या मी वॉचमन लिंबाजीमामांना दिल्या. चाचा कोपऱ्यावर दिसले की मामा बांबूनं खालच्या डिटेक्टरांना टोप्या घालायचे, चाचा गेले की काढायचे. बारशाला कुंची घालतात तसं. टोपी विसरली की हूटर, म्हणजे अलार्मचा भोंगा, वाजलाच म्हणून समजा. कधी चुकला नाही. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

पुढं लग्नसराई सुरू झाली आणि शिलाईखात्यातला डिटेक्टर वाजायला लागला. दुपारी. कधी आज, कधी एक दिवस सोडून. धूर नाही, वास नाही, काही नाही. पहिल्यांदा वाजला तेव्हा कन्नड तालुक्यातलं एक वऱ्हाड नवरीचा शालू हातात घेऊनच रस्त्यावर पळालं. शालू परत आला, वऱ्हाड आलं नाही. शेठनं मला फोनवर जे ऐकवलं ते इथं छापता येणार नाही.

मी जाऊन डिटेक्टर साफ केला. वाजला. बदलला. तरी वाजला. तो ज्यावर बसतो तो बेस बदलला, वायर तपासली, ओल बघितली. मग मी माणसांकडे वळलो, कारण डिटेक्टर खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. पहिला संशय मामांवर.

"मामा, वर जाऊन बिडी ओढता का?"

"म्या? आईच्यान नाय, साहेब! बिडी वढाया वर कशाला जाऊ? खाली अख्खा रस्ता हाय की."

मग इस्त्रीच्या वाफेवर. मग माझ्याच धंद्यातल्या एका गृहस्थावर, ज्याला हे काम हवं होतं. मग खुद्द शेठवर, की मला हाकलायला यांनीच काही केलंय का! एकदा तर मी पॅनलची किल्लीच खिशात घालून घरी नेली. पॅनल म्हणजे गल्ल्यामागची ती पेटी, जिच्यावर कुठल्या मजल्यावर काय वाजलं ते दिसतं. किल्ली माझ्याकडे आणि दुसऱ्या दिवशी हूटर सुरूच.

खरी काळजी मला वेगळीच होती. सुरुवातीला हूटर वाजला की वरच्या बाया धावत उतरायच्या. आता मान वर करत नव्हत्या. मी आपांना विचारलं, तर त्या मशीन न थांबवता म्हणाल्या, "अजी वो तो रोज का रोना है भाई. कित्ती बार उतरना? हमारे भी घुटने हैं."

खोट्या अलार्मला माणसं अशी सरावली की खरा वाजला तरी हातातला चहा खाली ठेवत नाहीत. या धंद्यात मला भीती वाटते ती याचीच.

शेठचा निरोप आला, "हूटर बंद करा. दिवा लागू द्या, आवाज नको." मी मंगळवारी दुपारी गेलो आणि गल्ल्यासमोर उभं राहून, अख्ख्या स्टाफसमोर, नाटकात शोभेल असा पण केला.

"शेठ, हा डिटेक्टर मी काढूनच नेतो. पॅनलमध्येही त्याचं नाव बंद करतो. तरी वाजला, तर हूटरची वायर माझ्या हातानं कापीन."

"सगळ्यांनी ऐकलं ना?" शेठ म्हणाले.

वर गेलो, डिटेक्टर काढला, खाली आलो, पॅनलमध्ये तो बंद केला. वाटी माझ्या हातात. शेठनं चहा मागवला. मी पहिला घोट घेतला...

हूटर!

पॅनलवर अक्षरं — वरचा मजला, शिलाई.

मी हातातल्या वाटीकडे बघितलं. वाटीनं माझ्याकडे बघितलं. ना वायर, ना वीज. आणि तिचा लाल दिवा... जाऊ द्या. तो दिवा लागलेला मी बघितला असं मी कुणाला सांगत नाही, कारण मग लोक बाकीच्या गोष्टीवरही विश्वास ठेवत नाहीत.

"प्रभाकरराव," शेठ शांतपणे म्हणाले, "पक्कड आणू का?"

शब्द दिलेला होता. मी पक्कड घेतली, हूटरची वायर चिमटीत धरली... आणि जिन्यावरून पावलं वाजायला लागली. वरच्या बाया एकामागून एक उतरत होत्या. कुणाच्या डोक्यावर पदर, कुणाची ओढणी, हात पुढं केलेले. दोन गिऱ्हाइकं होती तीही बघायला दारात गेली. बाया गल्ल्याजवळ थांबल्या, इकडं-तिकडं बघायला लागल्या.

"चाचा किधर हैं?" एकीनं विचारलं.

"कुठले चाचा?" शेठ ओरडले. हूटरच्या वर आवाज चढवायचा म्हणजे ओरडावंच लागायचं.

"लोबान की बू आई ना ऊपर! आपा बोलीं, चाचा आए, चलो."

"आज मंगळवार आहे गं!"

"हमने भी वोईच बोला. आपा बोलीं, बू को दिन नहीं मालूम."

चाचा बाहेर असतील म्हणून त्या रस्त्यावर गेल्या. त्यांच्यामागं स्टाफ. त्यांच्यामागं मी, कारण माझा संशय आता चाचांवर गेला होता. आणि माझ्यामागं शेठ, कारण त्यांना मला पक्कडीसकट गाठायचं होतं. सगळ्यात शेवटी गुडघे धरत आपा, हातात कात्री. त्यांचा पाय रस्त्यावर टेकला आणि हूटर थांबला.

त्याच वेळी मधल्या मजल्याच्या खिडकीतून काळा धूर बाहेर पडला.

पुढचं थोडक्यात सांगतो. जिन्यालगत, मधल्या मजल्याच्या फॉल्स सीलिंगच्या आत एक वायर बरेच दिवस तापत होती. धुरानं आधी जिनाच भरला. अग्निशमनवाले आले, आग विझली, शालू भिजले, पण माणसाला ओरखडासुद्धा नाही. बाया वर असत्या तर... असो. मधल्या मजल्याचा डिटेक्टर काही क्षणांनी लागला आणि हूटर पुन्हा सुरू झाला. तो रीतसर वाजला, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आधीच्याबद्दल आहे. काढून हातात घेतलेला, पॅनलमध्ये बंद केलेला डिटेक्टर वाजला कसा? आणि थांबला कसा? एकदा लागलेला हूटर किल्ली फिरवून रिसेट केल्याशिवाय थांबत नाही, आणि किल्ली माझ्या खिशात होती. एकाच नावाचे दोन डिटेक्टर चुकून बसवले असतील, असं माझ्या धंद्यातले लोक म्हणतील. मी एकूण एक काढून बघितले, तसं नव्हतं.

आणि लोबान? जळक्या वायरला लोबानसारखा वास येत नाही. चाचा त्या दिवशी वैजापूरला लेकीकडे होते. पुढच्या गुरुवारी विचारलं तर हसले नुसते. माझा त्या हसण्यावरही संशय आहे. बरं, दुसऱ्याच कुणी खाली लोबान फिरवला म्हणावं, तर त्या दिवशी टोप्या घातलेल्या नव्हत्या, आणि खालचा एकही डिटेक्टर वाजला नाही! मग वास वर गेला कुठून?

मी त्या दुकानात अजून जातो. वरची जुनी वाटी माझ्याकडे आहे, कपाटात. तिचा दिवा पुन्हा लागलेला नाही. स्पष्टीकरण कालही नव्हतं, आजही नाही. तुमच्याकडे असेल तर सांगा, फक्त कोळी म्हणू नका.

पण आपांचा पाय रस्त्यावर टेकला तो क्षण मी विसरत नाही. हूटर एकदम गप्प, वर खिडकीत काळा धूर, पैठण गेटची अख्खी गल्ली माना वर करून उभी. आणि इतके दिवस 'त्याचं तोंड बंद करा' म्हणून माझा जीव खाणारे नंदूशेठ माझी कॉलर धरून केविलवाणं किंचाळले,

"अहो प्रभाकरराव, तो थांबला का? वाजवा ना त्याला, वाजवा!"